आधी परतीचा रस्ता आखा: निर्बंध बदलत असताना मित्रमंडळींसोबत सायकल सहल

एरवी सायकल सहलीची आखणी नकाशावर बोट ठेवून सुरू होते. इथून निघू, तिथे पोहोचू, वाटेत अमुक मुक्काम. महामारीच्या काळात आमच्या गटाची आखणी माझ्याकडे होती आणि तेव्हापासून मी नकाशा उलट्या बाजूने बघायला लागले. पहिला प्रश्न एकच: उद्या संध्याकाळी नियम बदलले, तर आपल्यातला प्रत्येक जण घरी कसा पोहोचेल? याचं उत्तर मिळालं की किती दूर जायचं, कुठे राहायचं, किती जणांनी जायचं, सगळं त्यातूनच ठरत जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड ही महामारी असल्याचं म्हटलं आणि आंतरराष्ट्रीय आणीबाणी उठली ती ५ मे २०२३ रोजी. मधल्या काळात निर्बंध सैल झाले, आवळले, पुन्हा सैल झाले. अशी वेळ परत आली, तर घरात अडकून पडलेल्या मित्रांना एकत्र आणायला सायकलसारखं दुसरं साधन नाही असं मी अगदी मनापासून सांगेन. मोकळी हवा, ज्याचं त्याचं वाहन, हवं तिथे थांबायची सोय. फक्त एक गोष्ट कायम डोक्यात ठेवायची. सायकलवर असताना धोका कमी असतो, तो वाढतो खाली उतरल्यावर: खोलीत, जेवणाच्या टेबलावर, रेल्वेच्या डब्यात. त्यामुळे आखणीची सगळी मेहनत त्या उतरण्याच्या जागांवर घ्यायची.

तारखांच्या आधी एकमेकांशी बोला

गट जमवताना पहिला फोन तारखेसाठी करू नका. प्रत्येकाशी वेगळं बोला आणि तीन गोष्टी विचारा. परतल्यावर तू कोणाच्या घरात जाणार आहेस? ठरल्या दिवशी परत येता आलं नाही, तर कामाचं काय? आणि किती पैसे बुडाले तर चालतील? आमच्यात एकीला दमा आहे, एकाचे वडील ऐंशीच्या पुढचे आणि त्याच्याच घरी, एक मैत्रीण रुग्णालयात काम करते. चहा पिताना हे सगळ्यांना ठाऊकच असतं, पण सहल ठरवताना ते कोणी मुद्दाम बोलत नाही, कारण आपल्यामुळे बेत मोडायला नको असं प्रत्येकाला वाटत असतं. म्हणून आखणी करणाऱ्याने ते विचारून घ्यायचं.

यातून एक नियम ठरवा: ज्याची मर्यादा सगळ्यात कडक, तीच गटाची मर्यादा. खोलीत मास्क लावायचा का, बंद जागेत जेवायचं का, यावर मतदान घ्यायचं नाही. दमा असलेली मैत्रीण बाहेरच बसणार असेल, तर सगळे बाहेर बसतील. दुसरा नियम माघारीचा. शेवटच्या सकाळीसुद्धा कोणी ‘मी येत नाही’ म्हणाला, तर कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही आणि त्याच्यामुळे इतरांचा खर्च वाढणार नाही अशी व्यवस्था आधीच करून ठेवायची. हे स्पष्ट बोललेलं नसेल, तर ज्याला सकाळपासून घसा खवखवतोय तो मित्र भिडेपोटी सायकल काढतो आणि तिथून सगळ्यांचाच प्रश्न सुरू होतो.

गट किती जणांचा? माझं ठाम मत आहे, चौघांचा. कोणी आजारी पडलं, तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि उरलेल्या दोघांना तरी एकटं परतावं लागत नाही. दोन खोल्यांत मावता येतं. शिवाय गटाच्या आकारावरची बंधनं बहुतेक वेळा चौघांच्या वरच असतात. इंग्लंडमध्ये १४ सप्टेंबर २०२० पासून सहापेक्षा जास्त जणांनी एकत्र यायला बंदी झाली होती. सहा जणांचा गट त्या रेषेला अगदी चिकटून असतो. रेषा जरा खाली सरकली, तर कोणाला तरी घरी राहायला सांगावं लागतं आणि ते सांगणं फार जड जातं.

नियम कसे वाचायचे

गटात नियम वाचणारी व्यक्ती एकच असावी. चौघांनी चार बातम्या वाचल्या की चार अर्थ निघतात आणि प्रत्येक मुक्कामावर तोच वाद होतो. त्या व्यक्तीने बातमी वाचून थांबायचं नाही, मूळ आदेश उघडायचा. मी आदेश हातात आला की शेवटून वाचायला घेते: कधीपासून लागू, किती वाजल्यापासून, कधीपर्यंत. मग व्याख्या: ‘कुटुंब’ म्हणजे कोण, ‘बंदिस्त जागा’ कोणती. सर्वांत शेवटी बंधनं.

तुमच्यावर एकाच जागेचे नियम लागू होत नाहीत, हेही ध्यानात घ्या. घराजवळचे नियम, मुक्कामाचे नियम, मधल्या भागांचे नियम आणि परत येणाऱ्यांसाठीचे नियम, असे चार वेगवेगळे कागद असतात. पहिले तीन सगळे बघतात. चौथा बघायचा राहतो, आणि परतल्यावर घरात कोंडून घ्यायला लावणारा तोच असतो.

सायकलस्वारांसाठी अंतराची बंधनं वेगळी तपासायला लागतात. फ्रान्सने ११ मे २०२० पासून घरापासून १०० किलोमीटरपर्यंत फिरायला मुभा दिली, पण ते अंतर सरळ रेषेतलं, हवाई. आडवाटांनी जाणाऱ्या सायकलला तेवढ्याच हवाई अंतरासाठी सहज १३० किलोमीटर पडू शकतात. म्हणजे सायकलच्या संगणकावर आकडा शंभराच्या पुढे गेला तरी तुम्ही वर्तुळाच्या आत असू शकता. म्हणून नकाशावर घर मध्यभागी धरून वर्तुळ काढा आणि रस्ता त्याच्या आत किमान पाच-सात किलोमीटर ठेवा, वाट चुकली तरी बाहेर पडणार नाही इतका. आयर्लंडमध्ये मे २०२० मध्ये व्यायामासाठीची हद्द घरापासून ५ किलोमीटर होती. इतक्यात सहल होत नाही, हे मान्य करून टाकायचं आणि वाट बघायची.

वेळेचीही बंधनं असतात. स्पेनने २ मे २०२० पासून मोठ्यांना व्यायामासाठी बाहेर पडायला सकाळी ६ ते १० आणि रात्री ८ ते ११ अशा वेळा दिल्या, त्याही आपल्याच पालिकेच्या हद्दीत. आदेशात सायकल कोणत्या शब्दाखाली येते तेही शोधा. प्रवास, व्यायाम आणि पर्यटन या तिन्हींना वेगळे नियम असू शकतात. रिकामी सायकल घेतलेला माणूस व्यायाम करत असतो. दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या लटकवल्या की तोच माणूस पर्यटक दिसतो. अडवल्यावर खरं तेच सांगायचं, म्हणून निघण्याआधीच ते नियमात बसतंय ना हे बघायचं.

सगळ्यात फसवा फरक उघड्या आणि बंदिस्त जागेचा. इंग्लंडमध्ये १२ एप्रिल ते १७ मे २०२१ या काळात सहा जणांना बाहेर एकत्र भेटता येत होतं, पण मुक्कामाला स्वतंत्र घर घेतलं तर त्यात आपल्याच कुटुंबाने राहायचं. म्हणजे दिवसभर मित्रांबरोबर सायकल चालवा आणि रात्री त्यांच्याबरोबर एका छताखाली झोपू नका. अशा काळात मुक्कामाची सहल सोडून द्यायची आणि रोज घरून निघून घरी यायचं, तीच खरी सहल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रमाणपत्रांचे नियम आले: लस घेतल्याचं, चाचणी नकारार्थी असल्याचं किंवा आजारातून बरं झाल्याचं प्रमाणपत्र. इटलीत ते उपाहारगृहाच्या आतल्या टेबलासाठी लागे. फ्रान्समध्ये बाहेरच्या टेबलासाठीही, आणि लांब पल्ल्याच्या रेल्वेसाठीही. सायकलवाले बाहेरच बसतात म्हणून निश्चिंत राहिलात, तर असा फरक नेमका भुकेच्या वेळी आडवा येतो.

चाचणीची मुदत असेल, तर आधी तास कुठून मोजायचे ते बघा. बहुतेक ठिकाणी ते नमुना दिल्यापासून मोजले जात, अहवाल हातात आल्यापासून नाही. दुसरं टोकही तपासा: वाहन सुटेपर्यंत मोजायचे, की सीमेवर पोहोचेपर्यंत? सायकलवरून सीमेवर पोहोचणार असाल, तर पंक्चर, वारा आणि पाऊस यांसाठी अर्धा दिवस हातात ठेवा. ७२ तासांच्या मुदतीतले मी ६०च वापरायचे असं धरते.

वाचलेला आदेश फोनमध्ये तारखेसह साठवून ठेवा, नेटवर्क नसतानाही उघडेल असा. दोघांच्या फोनमध्ये तरी तो हवाच. आणि बातम्या बघायची वेळ ठरवा: निघण्याआधी एक आठवडा, मग दोन दिवस आधी, मग निघायच्या सकाळी, रस्त्यावर असताना रोज संध्याकाळी जेवणाच्या आधी. दर चढाच्या माथ्यावर फोन काढून आकडे वाचत बसलं, तर ना सायकल होते ना सुट्टी.

तीस तासांचं गणित

१३ ऑगस्ट २०२० च्या रात्री ब्रिटनच्या सरकारने जाहीर केलं, की फ्रान्सहून येणाऱ्यांना १५ ऑगस्टच्या पहाटे ४ वाजल्यापासून १४ दिवस विलगीकरणात राहावं लागेल. जाहीर होणं आणि लागू होणं यात साधारण ३० तास. त्यातल्या दोन रात्री काढल्या, तर सायकलवाल्याच्या हाती एकच दिवसाचा उजेड उरतो. सामान लादलेली सायकल, आमच्यासारखे साधे लोक, चढउतार धरून ताशी १५ किलोमीटर. आठ तास चालवली तर १२० किलोमीटर. माझी आखणी या आकड्यावर उभी असते: सहलीतला सगळ्यात लांबचा बिंदू घरापासून, किंवा जी हद्द ओलांडून परतायचं आहे तिथपासून, १२० किलोमीटरच्या आत. गट जोरकस असेल तर १५०, नवखे असतील तर ८०. तुमचा आकडा तुमच्या गटातल्या सगळ्यात सावकाश माणसावरून काढा, आणि तोही त्याच्या थकलेल्या दिवसावरून.

मात्र हे गणित नेहमी कामाला येईल असं नाही. त्याच वर्षी २५ जुलैला संध्याकाळी स्पेनसाठी तोच नियम जाहीर झाला आणि मध्यरात्री लागूही झाला. त्या काही तासांत सायकलवाला कुठेच पोहोचू शकत नाही. म्हणून परतल्यावर १४ दिवस घरात बसणं ज्याला परवडणार नाही, त्याने हद्द ओलांडणारी सहल घेऊच नये. इथे मधला मार्ग नाही. खुला झालेला रस्ता खुलाच राहील, हेही धरून चालू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातला विलगीकरणाशिवायचा प्रवास १९ एप्रिल २०२१ रोजी सुरू झाला आणि २३ जुलैला थांबवला गेला.

मार्गाचा आकारही यातूनच ठरतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी रेषा, जशी अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारी युरोपातली सायकलवाट युरोव्हेलो ६, ही शांत काळातली गोष्ट आहे. मधला एक तुकडा बंद झाला, तर पुढचं सगळं आरक्षण वाया जातं. गोल फेरी बरी, पण ती पूर्णपणे एकाच प्रशासनाच्या हद्दीत असेल तरच. बोडन सरोवराभोवतीची अडीचशे किलोमीटरहून लांब फेरी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. तिथे कॉन्स्टान्झ आणि क्रॉयझलिंगेन ही दोन देशांतली दोन शहरं एकमेकांना खेटून आहेत. २०२० च्या वसंतात त्यांच्यामध्ये कुंपण उभं राहिलं आणि सीमा पूर्ववत खुली झाली १५ जूनला. फेरीचा दहा-वीस मीटरचा दुवा तुटला, की पलीकडे पोहोचायला सगळं सरोवर उलट फिरून यावं लागेल, आणि तेही बाकीच्या सीमा उघड्या असतील तर.

मला पटलेला आकार फुलाचा: मधोमध एक मुक्काम, आणि रोज एक पाकळी फिरून संध्याकाळी तिथेच परत. सामान एकाच जागी राहतं, सायकल हलकी चालते, रोज नव्या खोलीत शिरावं लागत नाही. एका बाजूचा तालुका बंद झाला, तर ती पाकळी गाळून दुसऱ्या बाजूची घ्यायची. नव्या जागा पाहायला मिळत नाहीत असं काहींना वाटतं. मला उलट त्या एका परिसराशी ओळख होते ते आवडतं. कोणत्या वळणावर सावली आहे, कोणत्या उतारावर खडी सुटली आहे, हे दुसऱ्या दिवशी ठाऊक असतं.

आखताना आणखी दोन गोष्टी. चढ आणि समोरचा वारा जाताना घ्या. तातडीने परतावं लागलं, तर उतार आणि पाठीवरचा वारा मदतीला असेल. आणि दर ३०–४० किलोमीटरवर सुटकेची एक जागा नकाशावर खुणेने दाखवा: रेल्वे स्थानक, मोठी गाडी बोलावता येईल असा हमरस्ता, किंवा एखाद्याच्या नातलगाचं घर. रेल्वेत सायकलच्या जागा मोजक्याच असतात आणि सगळे एकाच दिवशी परतायला निघाले, की त्या आधी संपतात. म्हणून रेल्वे ही दुसरी सोय समजा. पहिली सोय म्हणजे पेडल मारत घर.

मुक्काम आणि पैसे

मुक्काम शोधताना आधी फोन करा, ऑनलाइन अर्जावर विसंबू नका. रद्द केलं तर पैसे परत मिळतील की पुढच्या तारखेला वळते होतील, हे दोन वेगवेगळे शब्द आहेत, लेखी घ्या. सरकारी आदेशामुळे रद्द झालं तर काय, आणि आम्हीच घाबरून रद्द केलं तर काय, हेही वेगळं विचारा. तिसरा प्रश्न मी कधीच गाळत नाही: आमच्यातलं कोणी आजारी पडलं, तर खोली आणखी दहा दिवस मिळेल का? मालकाच्या उत्तरापेक्षा तो उत्तर द्यायला किती वेळ घेतो त्यावरून जास्त कळतं. खिडक्या समोरासमोर उघडतात का, स्वयंपाकघर स्वतंत्र आहे का, सायकली कुलपात राहतील का, हे त्यानंतर.

एकाने सगळ्यांचं आरक्षण करायचं नाही. ज्याची खोली त्याच्या नावावर, त्याच्या पैशाने. सामायिक वर्गणी फक्त रोजच्या खर्चापुरती. माघारीचा नियम खरा ठरायचा असेल तर पैसे असे सुटे असावेच लागतात. प्रवास विमा घेत असाल, तर त्यातला महामारीचा परिच्छेद आणि सरकारी सल्ल्याविरुद्ध केलेल्या प्रवासाचा परिच्छेद हे दोन्ही वाचल्याशिवाय सही करू नका. विमा बहुधा तिथेच नाकारला जातो.

जाणार आहात त्या गावाचंही ऐकून घ्या. लहान गावात दवाखाना एकच असतो आणि लाटेच्या दिवसांत बाहेरच्यांची धास्ती वाटणं अगदी स्वाभाविक आहे. फोनवर सरळ विचारा, सध्या लोक आलेले चालतील का? कोणी आढेवेढे घेतले, तर दुसरी जागा बघा. आदेशाने परवानगी दिली म्हणून एखाद्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे मला पटत नाही.

सायकल: दुकान बंद आहे असं धरून तयारी

महामारीत सायकलींची मागणी वाढली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) अशा साध्या वस्तूंसाठीही लोकांना महिनोनमहिने थांबावं लागलं. वाटेतलं दुकान बंद असू शकतं, किंवा उघडं असूनही त्याच्याकडे तुमचा भाग नसतो. म्हणून कोणत्या वस्तूमुळे सहल पूर्ण थांबेल, त्या क्रमाने पेटी भरा.

माझ्या पेटीत पहिला असतो डिरेलर हँगर. गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो हा लहानसा तुकडा, सायकल उजव्या बाजूला पडली की वाकतो किंवा तुटतो. सांगाड्यानुसार त्याचा आकार बदलतो, त्यामुळे मित्राचा तुमच्या सायकलला लागेलच असं नाही. प्रत्येकाने स्वतःचा आणायचा. मग चेनची क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, आपल्या गिअरच्या संख्येला जुळणारी. १० गिअरच्या चेनची लिंक ११ च्या चेनला बसत नाही. ब्रेक पॅडचा एक जोड. दोन ट्यूब, योग्य मापाच्या आणि योग्य व्हॉल्व्हच्या. प्रेस्टा आणि श्रेडर हे व्हॉल्व्हचे दोन्ही प्रकार एकाच गटात असतील तर दोन्ही डोक्यांना चालणारा पंप घ्या. टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. दोन-तीन स्पोक, सांगाड्याला चिकटपट्टीने बांधलेले. दोन-चार बोल्ट, प्लास्टिकचे बंध.

बरेच दिवस उभी असलेली सायकल थेट सहलीला काढू नका. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव, काही महिन्यांत वाळतं. चाक हलवून बघा, आत काही हलत नसेल तर नवं भरा. टायरच्या बाजूंना भेगा, केबलला गंज, ब्रेकचा पातळ झालेला पॅड, हे सगळं घरीच सापडायला हवं. आणि जी गोष्ट सायकलची तीच शरीराची. घरात सायकल जागच्या जागी चालवायच्या ट्रेनरवर घाम गाळलेले पायही सलग तीन दिवस सीटवर बसायला तयार असतीलच असं नाही. आधीच्या आठवड्यांत लागोपाठ दोन दिवस, ठरलेल्या अंतराच्या सत्तर टक्के तरी, सामानासह चालवून बघा.

सॅनिटायझरची बाटली सायकलच्या डिस्क ब्रेकपासून लांब ठेवा. जेलमधलं ग्लिसरीन डिस्कवर किंवा पॅडवर गेलं तर ब्रेकची पकड जाते. हात चोळून पूर्ण सुकले की मगच चाकाला हात लावा.

पाणी आणि खाणं पूर्ण दिवसाचं जवळ ठेवा. बंदच्या काळात वाटेतली उपाहारगृहं बंद असतात, सार्वजनिक नळ बांधून ठेवलेले असतात. शौचालयांनाही कुलूप असतं, आणि हे बायकांनी आखणीतच ठरवायला हवं, संकोच न करता. कोणत्या टप्प्यावर आडोसा आहे, कोणता पेट्रोल पंप उघडा आहे, हे आदल्या रात्री बघून ठेवा. शौचालय नाही म्हणून पाणी कमी पिणं हा उपाय नव्हे. उन्हात चढावर त्यातून चक्कर येते.

रस्त्यावर

एकाच घरातले असाल तर जोडीने चाला, बाकीच्यांनी अंतर ठेवा. एप्रिल २०२० मध्ये वायुगतिकीचे प्राध्यापक बर्ट ब्लॉकेन यांचं संगणकावर केलेलं काम गाजलं. एकाच्या मागे एक वेगाने सायकल चालवताना तुषार मागच्यापर्यंत पोहोचू शकतात, म्हणून २० मीटर अंतर ठेवा, असं त्यात सुचवलं होतं. ते काम तुषार कुठे जातात याचं होतं, कोणाला किती लागण होते याचं नव्हतं, आणि त्यावर टीकाही झाली. मी त्यातून एवढंच घेतलं: सुट्टीवर असताना पुढच्याच्या चाकाला चिकटून वारा चुकवायची गरज नाही. थोडं तिरकं, थोडं मागे. थुंकायचं किंवा नाक शिंकरायचं असेल तर थांबून, रस्त्याच्या कडेला, सगळे पुढे गेल्यावर.

चढावर मास्क नको. जोरदार व्यायाम करताना मास्क घालू नये, असंच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं. पण हँडलवरच्या पिशवीत, कोरड्या कापडी थैलीत, दिवसाला दोन-तीन मास्क ठेवा. दुकानात शिरताना घामाने भिजलेला मास्क काही कामाचा नसतो.

आणि उतारावर सावकाश. हे मी एरवीही सांगते, पण रुग्णालयं भरलेली असताना जास्त कळकळीने सांगते. गळ्याजवळचं हाड मोडून तुम्ही ज्या खाटेवर झोपाल, ती त्या दिवशी दुसऱ्या कोणालातरी हवी असते. लाट चढती असेल तर डोंगरातले उतार आणि खडीचे रस्ते वगळून सपाट पाकळ्या निवडा.

कोणी आजारी पडलं तर

ताप, घसादुखी, वास न येणं, नेहमीच्या चढाला अचानक धाप लागणं, यांतलं काहीही झालं तर त्या क्षणी सायकल थांबवायची. ‘मुक्कामापर्यंत तरी जातो’ म्हणू द्यायचं नाही. जवळ अँटिजेन चाचणीचा संच ठेवा. पंधरा ते तीस मिनिटांत उत्तर देतो. मात्र सुरुवातीला लागण असूनही तो नकारार्थी येऊ शकतो, म्हणून लक्षणं असतील तर नकारार्थी निकालावर गाडी पुढे हाकू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा, किंवा सोय असेल तर आरटी-पीसीआर.

कोण थांबणार आणि कोण परतणार, हे घरूनच ठरलेलं असावं. अर्थात नियमानुसार उरलेल्यांनाही संपर्कातले म्हणून थांबावं लागू शकतं. त्यासाठीच ती दहा दिवसांची खोली. आजारी माणसाने सायकलवरून परतायचं नाही, बरं वाटलं तरी. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी व्यायामाकडे परतण्यासाठी सांगितलेला क्रम आम्ही धरतो: लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवस विश्रांती, आणि किमान सात दिवस कोणतंही लक्षण नसणं, मग चालण्यापासून हळूहळू सुरुवात. छातीत दुखलं, धडधडलं किंवा धाप लागली तर थेट डॉक्टर. त्याची सायकल कोण नेणार, कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे, घरच्यांना फोन कोण करणार, एवढं एका कागदावर लिहून चौघांकडे ठेवा.

परतल्यावर

सुरुवातीच्या विषाणूत लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस लागत, जास्तीत जास्त १४. पुढे ओमायक्रॉनमध्ये हा काळ कमी झाला. म्हणून परतल्यावर पहिला आठवडा आमचा रोजचा एक संदेश ठरलेला असतो: बरा आहे, किंवा अमुक होतंय. वडिलांजवळ राहणारा मित्र त्या दिवसांत घरात मास्क लावतो आणि वेगळा जेवतो; ते त्याने सहलीआधीच घरी सांगितलेलं असतं.

त्या आठवड्यात कोणाचीही चाचणी होकारार्थी आली, तर आधी गटाला आणि लगेच मुक्कामाच्या मालकाला कळवा. फोन करायला जड वाटतं, तरी करा. त्यांच्याकडे त्यानंतर दुसरे लोक उतरलेले असतात आणि त्यांच्याही घरी कोणीतरी म्हातारं असतं.